मधल्या पडद्यावरची छत्री

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, एवढे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर जो उभा राहिला, तो मात्र मी नव्हे. तुम्हाला दिसली असेल लाल मखमल, सोनेरी झालर आणि दोन्ही बाजूंना ऐटीत सरकत जाणारा तो डामडौल. तो दर्शनी पडदा. मी त्याला मनातल्या मनात मखमल्या म्हणतो. त्याच्या मागे हातभर अंतरावर मी टांगलेला असतो. मला सगळे मधला पडदा म्हणतात. एक अंक संपला आणि पुढचा सुरू व्हायचा आहे, तेवढ्या वेळापुरता मी वरून खाली येतो आणि घंटा झाली की पुन्हा वर जातो. खेळाची सुरुवात मखमल्याची, शेवटही मखमल्याचा. माझ्या वाट्याला मध्यंतर.

मध्यंतरात तुम्ही काय करता, जरा आठवून पाहा. मी निम्म्यावर आलेलो असतो, तोवर तुम्ही उठलेले असता. कोणी अंधारात पायाने चपला चाचपत असतो, कोणी चहाच्या रांगेत पहिला नंबर लावायला धावतो, कोणी घरी कुलूप लावले की नाही यावरून बायकोशी वाद घालतो. मी जन्मभर माणसांच्या पाठी पाहत आलो आहे. सदऱ्याला फक्त पुढून इस्त्री करणारी माणसे किती आहेत, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नसेल.

आत्मवृत्त सांगणाऱ्याने आपण किती राबलो, किती सोसले ते सांगायचे असते. तेही सांगणार आहे. पण आधी एक गोष्ट कबूल करतो. मी मत्सरी आहे. मखमल्यावर टाळ्या पडल्या की माझ्या पोटात दुखते. वर्षानुवर्षे दुखते आहे. आणि या दुखण्यापायी मी एकदा एका भल्या बाईंचे असे नुकसान करून बसलो असतो, की ते पुन्हा भरून आले नसते.

माझा जन्म याच नाट्यगृहाच्या रंगमंचावर झाला. जाड सुती कापडाचे सात पन्हे, म्हणजे लांब पट्टे, अंथरून एक शिंपी आणि त्याची बायको दोन टोकांनी शिवत आले आणि मध्यावर भेटले. मग मला खळ लावली, वाळवले आणि एका वयस्कर रंगाऱ्याच्या हवाली केले. तो लांब काठीला कुंचला बांधून माझ्या अंगावरून अनवाणी चालत रंगवायचा. त्याने माझ्यावर एक बाग काढली. झाडे, पायवाट आणि पायवाटेच्या कडेला एक रिकामा बाक. बाकावर एक पिवळी छत्री, कोणीतरी विसरून गेलेली.

तो रंगवत होता तेव्हा शिंप्याची बायको माझ्या खालच्या काठाला दांड्यासाठी नेफा शिवत बसली होती. ती म्हणाली, "काय हो, नाटक एका दमात का नाही संपवत? मधेच थांबवायचं, लोकांना बाहेर घालवायचं, परत आत बोलवायचं. कशाला हा खटाटोप?"

"तुम्ही सदरा एका तुकड्यात शिवता का?" रंगारी म्हणाला. "पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या. मग जोडता ना?"

"पण आमचा जोड दिसला तर गिऱ्हाईक नावं ठेवतं."

"आमचा दिसायलाच हवा. म्हणून तर हा पडदा."

मग काठी बाजूला ठेवून तो तिला समजावत बसला. पूर्वी पाच पाच अंकांची नाटके असत. एक अंक झाला की दिव्यांच्या वाती सारख्या कराव्या लागत, तेल घालावे लागे, तेवढा वेळ खेळ थांबे. "पण ते निमित्त झालं," तो म्हणाला. "खरी गोष्ट अशी, की पहिल्या अंकात गाठ बसते. मधल्या अंकांत ती आवळत जाते. शेवटच्यात सुटते, नाहीतर तुटते. गाठ आवळली की माणसाला जरा श्वास घ्यायला मोकळं सोडावं लागतं. तो बाहेर जातो, पण मनाला गाठ तशीच असते. म्हणून तर परत येतो."

"आणि ही छत्री कोणाची?"

"जो परत येणार आहे त्याची."

हे बोलणे माझ्या अंगावर, माझ्यासमोर झाले. पण मला त्यातले काही कळले नाही. ओला होतो, आणि आपण किती सुंदर दिसतो आहोत याच विचारात होतो.

सुरुवातीची वर्षे थाटात गेली. तेव्हाचा दर्शनी पडदा म्हणजे एक विटका करडा कपडा होता, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. चार अंकांचे नाटक असले की मी तीनदा खाली येई. तीन अंकांचे असले की दोनदा. अंकाच्या आत लहान लहान प्रवेश असतात, त्यांच्यामध्ये नुसते दिवे घालवतात, तिथे मला बोलावत नाहीत. असो. बॅले मला सगळ्यांत जास्त आवडायचे. त्यात कोणी बोलत नाही, म्हणून कोणत्या अंकात काय घडते ते सांगणारा एक कागद दारात वाटतात. लोक तो वाचत नाहीत, त्याने वारा घेतात. आणि मी खाली आलो की माझ्यामागे बारा मिनिटांत घराचे जंगल होते. सुतार भिंती ओढून नेतात, झाडे ढकलत आणतात, आणि त्या धांदलीत नाचणाऱ्या मुली जमिनीवर बसून तळपाय चोळतात. एकीचा अंगठा सोललेला असतो, दुसरी बसल्या बसल्या डुलकी काढते. मला दोन अंगे आहेत. पुढचे अंग लोकांच्या पाठी पाहते, मागचे अंग घाम पाहते.

मग मखमल्या आला.

त्याला आणले तेव्हा फीत कापली, भाषणे झाली, फोटो निघाले. मला आणले तेव्हा काय झाले होते? शिंप्याचा सुयांचा डबा हरवला म्हणून नवराबायकोचे भांडण. मखमल्याला मोटर लावली. बटण दाबले की झाले, स्वारी सरकली. मला मात्र अजूनही दोराने ओढायचे. खेळ संपला, मखमल्या मिटला की सगळे सभागृह त्याच्याकडे पाहून टाळ्या वाजवी. टाळ्या नटांच्या असतात, मलाही कळते. पण लोकांचे डोळे त्याच्यावर असत ना. आणि तो काय करत असे? लोंबत असे. आयत्या बिळावर नागोबा. तुमची भाषासुद्धा त्याच्याच बाजूची. एखादी गोष्ट कायमची संपली की तुम्ही म्हणता, पडदा पडला. कोणता पडदा, हे सांगायची गरजही तुम्हाला वाटत नाही.

माझा दोर ज्यांच्या हातात असे, त्यांना सगळे पडदेकाका म्हणत. बुटके, रुंद पंजांचे, कमी बोलणारे. मखमल्याचे बटणही तेच दाबत, पण एका बोटाने. मला दोन्ही हातांनी सोडत. माझ्या दोराचे टोक झिजून त्याच्या दशा निघाल्या होत्या. वर गेल्यावर ते टोक मखमल्याच्या कप्पीपाशी लोंबू नये म्हणून काका दर वेळी ते भिंतीतल्या खुंटीला गुंडाळत. ही खुंटी लक्षात ठेवा.

आमच्याकडे एक जुना बॅले होता, दोन बहिणींचा. पहिल्या अंकात धाकटी बहीण घर सोडून जाते. दुसऱ्यात थोरली तिला शोधत रानोमाळ फिरते. तिसऱ्यात वादळ येते आणि थोरली कोसळते. चौथ्यात धाकटी तिला शोधून काढते आणि दोघी घरी येतात. थोरलीचे काम बावीस वर्षे एकच बाई करत होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. नवीन व्यवस्थापक आले आणि त्यांनी चौथा अंक काढून टाकायचे ठरवले. हे बोलणे रंगमंचावर, माझ्या खालीच झाले.

"चौथ्यात काही घडतच नाही, ताई," व्यवस्थापक म्हणाले. "दोघी नुसत्या घरी जातात."

"घरी जाणं म्हणजे काही घडणं नाही?"

"लोक तिसऱ्यातच रडून घेतात. त्यानंतर त्यांना बसवून ठेवायचं म्हणजे शिक्षा आहे."

ताई म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणाल तसं." बॅले तीन अंकांचा झाला. माझे एक उतरणे कमी झाले आणि मला ताईंपेक्षा स्वतःचे जास्त वाईट वाटले.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारचा प्रयोग होता. पहिल्या अंकानंतर मी खाली आलो, तेव्हा ताई माझ्यामागे एका स्टुलावर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होत्या. गुडघा सुजून लाल झाला होता. पडदेकाका जवळ गेले.

"काका, आजचा शेवटचा बरं का," ताई हळूच म्हणाल्या.

"कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. सांगितलं की लोक गुडघ्याकडे बघत बसतात, नाचाकडे नाही. शेवटच्या टाळ्या कान भरून ऐकायच्या आणि जायचं. बस, एवढंच पाहिजे मला."

काकांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

माझे नाही आले. माझ्या मनात दुसरेच शिजत होते. बावीस वर्षे या बाईंचा घाम मी पाहिला, ही पट्टी मी पाहिली, आणि त्यांचा शेवटचा क्षण झाकणार कोण? मखमल्या. त्याला तर गुडघ्याचे माहीतसुद्धा नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निदान एकदा, फक्त एकदा, शेवट माझा असायला हवा होता.

दुसऱ्या अंकानंतर काकांनी मला वर ओढले. पण त्यांचे लक्ष ताईंच्या पायाकडे होते. ते माझ्या दोराचे टोक खुंटीला लावायला विसरले. मी नेहमी अंग आवरून वर जातो. त्या दिवशी आवरले नाही. दशा निघालेले ते टोक सैल सोडले आणि ते मखमल्याच्या कप्पीत जाऊन बसले. मित्रांनो, वारा नव्हता, धक्का लागला नव्हता. मी ते मुद्दाम केले. आजवर हे कोणालाही सांगितलेले नाही.

तिसरा अंक संपला. वादळ शमले, ताई जमिनीवर कोसळल्या, वाद्ये थांबली. काकांनी बटण दाबले. मखमल्या वीतभर हलला, कण्हला आणि अडकला. काकांनी पुन्हा दाबले. तो हलेना. ताई तशाच पडून होत्या, श्वास रोखून. काकांनी इकडे तिकडे पाहिले, आणि दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून त्यांनी माझा दोर सोडला.

मी इतका सुरेख कधीच उतरलो नव्हतो. एक सुरकुती नाही. दांडा जमिनीला टेकला तोही अलगद. आणि मी टाळ्यांची वाट पाहू लागलो.

दोन-चार वाजल्या. अंक संपल्यावर वाजतात तेवढ्याच. मग खुर्च्यांचा खडखडाट झाला.

दारवानाने मला पाहिले आणि सवयीने दिवे लावून दारे उघडली. चहावाल्याने कप मांडायला घेतले. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी सुनेला म्हणाल्या, "बघ, मी सांगत नव्हते? चौथा अंक ठेवलाय. धाकटी यायची आहे अजून."

"आई, कागदावर तीनच लिहिलेत."

"कागदाला काय कळतंय? मधला पडदा पडलाय ना?"

सून कागदाची घडी घालून उठली. सगळेच उठले. माझ्या पुढच्या अंगाला पाठीच पाठी. आणि मागच्या अंगाला ताईंचा चेहरा. त्या उठून गुडघ्यावर बसल्या होत्या, मान खाली घालून, टाळ्या येतील म्हणून. त्यांनी खुर्च्यांचा आवाज ऐकला. दारे ऐकली. कोणीतरी मोठ्याने हसलेले ऐकले. त्यांनी मान वर केली.

"आवडलं नाही वाटतं," ताई म्हणाल्या. एवढेच. आणि पायातल्या बुटाची फीत सोडू लागल्या.

करायला गेलो एक आणि झाले भलतेच. त्या क्षणी मला कोणी फाडून पोतेरे केले असते तरी मी ब्र काढला नसता. मला हवा होता तो शेवट मिळाला होता, आणि मी खाली आलो म्हणूनच तो शेवट राहिला नव्हता.

दहा मिनिटे गेली. व्यवस्थापक धापा टाकत विंगेत आले. "अहो, लोक परत येऊन बसतायत! घंटासुद्धा दिली नाही कोणी. बसलेत आपले गुपचूप. कोणीतरी जाऊन सांगा, संपलं म्हणून."

"मी सांगतो," पडदेकाका म्हणाले. "चूक माझी आहे."

ताईंचा हात फितीवर थांबला. "काका, परत आलेत म्हणजे?"

"मधला पडदा पडला ना. त्यांना वाटतंय, अजून आहे."

"म्हणजे ते उठून गेले नव्हते?"

"चहा प्यायला गेले होते, ताई."

ताई एकदम हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, त्यामुळे काजळ गालभर झाले. "आणि सगळे बसलेत?"

"एक खुर्ची रिकामी नाही."

"मग चौथा अंक आहे," ताई म्हणाल्या.

"ताई, अहो, तो आता कोणाला येतो?" व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. "धाकटीचं काम करणारी नवीन आहे. वादकही निघाले."

"व्हायोलिनवाले अजून पेटी बंद करतायत. त्यांना सगळा पाठ आहे." मग त्या नव्या मुलीकडे वळल्या. "आणि तुला काहीच करायचं नाहीये. ये, मला उठव, माझा हात धर आणि चाल. मी सांगते कुठे जायचं ते. पाय घसरला तर घसरू दे, पण हात सोडू नकोस. मला खरंच उभं राहवत नाहीये."

काकांनी मला वर घेतले. व्हायोलिन एकटेच वाजू लागले. ताई बूट काढून, अनवाणी, कोसळल्या होत्या त्याच जागी पडून राहिल्या. ती मुलगी आली, तिने त्यांना उठवले आणि दोघी चालू लागल्या. चौथ्या अंकात काही घडत नाही, हे व्यवस्थापकांचे म्हणणे खरे होते. दोघी नुसत्या चालत होत्या. ताईंचा पाय लंगडत होता, आणि मुलगी घाबरून त्यांच्याकडे पाहत होती, आणि ते सगळे नाचातच असावे असे दिसत होते. तिसऱ्या रांगेतल्या आजींनी सुनेचा हात घट्ट धरून ठेवला होता.

इकडे काका शिडीवर चढले. मखमल्याच्या कप्पीत त्यांना माझा दोर सापडला. त्यांनी तो दातांनी सोडवला, हातात घेऊन पाहिला, मग त्या रिकाम्या खुंटीकडे पाहिले. "मीच विसरलो," ते पुटपुटले. "म्हातारा झालो." मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडून सांगितले असते, काका, तुम्ही नाही, मी. पण ते चुकीचे ओझे घेऊन शिडी उतरले, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते बाळगले.

बहिणी घरी पोहोचल्या. व्हायोलिन थांबले. काका माझ्या दोराजवळ उभे होते आणि बटणही हाताशी होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी मनोमन म्हणालो, मला सोडू नका. काकांनी बटण दाबले. मखमल्या सरकत आला आणि मिटला.

टाळ्या अशा पडल्या की माझ्या दांड्याला कंप सुटला. मखमल्या अकरा वेळा उघडला आणि अकरा वेळा मिटला. मी मोजले. पोटात दुखले का? दुखले. खोटे कशाला बोलू? पण ताई मान लववून उभ्या होत्या, कान भरून ऐकत होत्या, आणि ते पाहताना दुखणे मधूनमधून विसरायला होत होते.

सभागृह रिकामे झाल्यावर ताई घरच्या कपड्यांत, हातात बूट घेऊन आल्या. म्हणाल्या, "काका, तो मधला पडदा घ्या ना जरा खाली." काकांनी मला उतरवले. ताई लंगडत जवळ आल्या आणि बाकावरच्या पिवळ्या छत्रीवर तळहात ठेवला. "आज हा मधे आला नसता, तर मी तिसऱ्या अंकातच संपले असते," त्या म्हणाल्या. "मखमलीचा पडला असता, तर लोक टाळ्या वाजवून घरी गेले असते. हा पडला म्हणून परत आले."

मित्रांनो, रंगाऱ्याचे बोलणे मला त्या दिवशी कळले. मखमल्या सांगतो, संपले. मी सांगतो, अजून आहे. एवढे साधे काम माझे, आणि ते टाकून मी दुसऱ्याच्या जागेसाठी झुरत राहिलो.

आता नाटके दोन अंकांची झाली आहेत. मी एकदाच उतरतो. काही खेळ तर मध्यंतराशिवाय होतात, तेव्हा मी वरच गुंडाळलेला राहतो. रंग उडाला आहे, तिसऱ्या आणि चौथ्या पन्ह्यांच्या मधली शिवण उसवली आहे. कापड फाटते ते जोडावरच. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत, कोणत्याही कामात जे दोन गोष्टींना जोडून ठेवते आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्याला वेळीच दोन टाके घाला. पिवळ्या छत्रीचा रंगही कोणी पुन्हा दिला तर माझी हरकत नाही.

मत्सर गेला का, असे विचाराल. नाही. अजून टाळ्या पडल्या की दुखते. नव्या पडदेवाल्याला जाताना काकांनी बजावून सांगितले, "याचं टोक खुंटीला दोनदा गुंडाळत जा." तो दोनदा गुंडाळतो, आणि मला वाटते ते बरेच आहे.

पण एक सांगतो. प्रयोग कोणताही असो, मी खाली आलो की सगळे उठतात, चपला चाचपतात, चहाकडे धावतात. चौथ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक बाई तेवढ्या उठत नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून त्या माझ्याकडे पाहत बसतात, घंटा होऊन मी वर जाईपर्यंत. मखमल्याला याची कल्पना नाही. तो तेव्हा बाजूला सरकलेला असतो.